किलोमीटरमागे वीस रुपये

"काकू, काय करून राहिल्या?"

मेहंदीच्या कुंपणापलीकडून ही हाक आली की समजायचं, एक तर वहिनींच्या घरातला कढीपत्ता संपला आहे, नाही तर पोटात गोष्ट मावेनाशी झाली आहे. कढीपत्त्याचं झाड आमच्याकडे, गोष्टी त्यांच्याकडे. हा व्यवहार गेली अकरा वर्षं विनापावती सुरळीत चालू आहे. त्या दिवशी मात्र वहिनींच्या हातात चक्क पावतीपुस्तक होतं.

वहिनी बँकेत आहेत. शाखा वर्ध्यातलीच, पण कुठली ते सांगत नाही, कारण पुढे त्यांच्या साहेबांबद्दल बोलायचं आहे.

"आमच्या ऑफिसातून सात जणांची टीम चालली जानेवारीत, मुंबईच्या मॅरेथॉनला. संस्थेसाठी पैसे जमवायचे अन् तिच्या नावानं पळायचं. आम्ही घेतलं ते आपलं हे... बायकांचं..." वहिनींनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आमच्या ह्यांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज अगदी तळाला नेला. "छातीच्या कॅन्सरचं."

"बरं मग? हळू कशाला बोलता, चोरी थोडीच केली?"

"तसं नाही हो, पण बाप्पा, बॅनरवर काय लिहायचं यावरच दोन दिवस मीटिंग झाली. एक म्हणे 'स्तन' लिहू, तर कॅशियरसाहेब म्हणाले, काउंटरवर ग्राहक येतात. मग इंग्रजीतलं 'ब्रेस्ट' देवनागरीत लिहिलं. ते चालते म्हणे."

आता ही टीम बघा. कॅशियर समोरच्या टपरीवर चहाला जातो तोही स्कूटरने. कर्जविभागातले दोघे भाऊ पोटाने एकमेकांशी स्पर्धा करतात. शिपाईकाका तेवढे खरे दमाचे. ते सालोडहून रोज सायकलने येतात. साहेब स्वतः कप्तान. मुंबईत ही मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीच्या थंडीत होते, अलीकडे टाटांच्या नावानं. तिच्यात खरे पळणारे बेचाळीस किलोमीटर पळतात, आणि बाकीच्यांसाठी 'ड्रीम रन' म्हणून जेमतेम सहा किलोमीटरची जत्रा असते. आमच्या टीमचं स्वप्न त्या जत्रेचं.

"पैसे कसे जमवून राहिले?" मी कढीपत्ता तोडता तोडता विचारलं.

झालं, बांध फुटला. पहिला विचार साहेबांचा: तर्री-पोह्याचा स्टॉल. शनिवारी अर्धा दिवस बँकेसमोर लावला. पोहे संपले, तर्री संपली, पण उधारी लिहून घ्यायला कोणी नव्हतं. बँकेच्या लोकांनी उधारी वसूल करता येऊ नये, याला काय म्हणावं! दुसरा विचार वहिनींचा, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला: दंडाची डबी. उशिरा येईल त्याचे दहा रुपये, ग्रुपवर फुलांचा 'सुप्रभात' पाठवील त्याचे पाच, 'सर्व्हर डाउन आहे' असं खोटं सांगून ग्राहकाला परत पाठवील त्याचे पन्नास. डबी गोरसपाक बिस्किटांची रिकामी. पहिल्या आठवड्यात पाचशे चाळीस जमले, त्यातले निम्मे एकट्या कॅशियरचे.

तिसरी गोष्ट भिशीची. ऑफिसात बाराजणींची भिशी आहे. यंदा एक नंबर कोणाच्याच नावाने काढायचा नाही, त्या महिन्याची रक्कम सरळ संस्थेला, असं ठरलं. दोघी रुसल्या, मग कबूल झाल्या. आणि चौथी गोष्ट सांगताना वहिनी इतक्या हसल्या की कढीपत्ता खाली पडला. साहेबांना वाढदिवसाला गाणं म्हणायची भारी हौस. शिपाईकाकांनी सुचवलं की या वर्षी साहेबांनी गाऊ नये यासाठी प्रत्येकी शंभर रुपये द्यावेत. एका तासात सतराशे रुपये! साहेबांनी मोठ्या मनानं घेतलं, म्हणाले, संस्थेसाठी गप्प बसतो. पण दुपारी केबिनमधून गुणगुणणं ऐकू आलं म्हणे.

"मग एकूण किती?"

"नऊ हजार सहाशे."

"आणि सात जणांचं मुंबईला येणं-जाणं, राहणं, टी-शर्ट?"

वहिनी गप्प. पावतीपुस्तकाच्या मागे पेनाने आकडे मांडलेलेच होते. विदर्भ एक्स्प्रेस धरा, दोन रात्री धरा, गुलाबी टी-शर्ट धरा, बेचाळीस हजार होत होते. म्हणजे दहा हजार द्यायला बेचाळीस हजार खर्चून जायचं. साहेबांनी यावर म्हटलं होतं, "जनजागृती होईल ना!" मुंबईला वर्धेकरांनी जाऊन जागं करायचं!

मी मास्तरीण होते, तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे अशा वेळी माझ्या तोंडून एक तारीख निघतेच. ३० एप्रिल १९३६. त्या दिवशी गांधीजी मगनवाडीतून निघून पायी शेगावला राहायला गेले. शेगाव म्हणजेच आपलं सेवाग्राम, नाव पुढे बदललं. "वहिनी," मी म्हटलं, "पायी चालून एखाद्या गोष्टीसाठी लोकांना हलवायचं असेल तर जगातले लोक आपल्या गावी यायला हवेत. आपण कुठं निघालो?"

"ते खरं, पण पळायची मजा वेगळी न काकू."

पळण्याची मजा खरी आहे, नाही म्हणत नाही. मिलिंद सोमणने २०१२ साली मुंबईत फक्त बायकांसाठी 'पिंकेथॉन' काढली, स्तनाच्या कॅन्सरबद्दल बायकांनी बोलावं म्हणून. साड्या नेसून, लेकरं पाठीशी बांधून बायका धावताना फोटोत पाहिल्या तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग हेवा वाटला. पण आजारपणाच्या पैशासाठी पळणारी बाई म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे पिंकेथॉन येत नाही, बारामती येते. लता भगवान करे. मूळच्या आपल्या बुलढाण्याकडच्या, पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते. २०१३ मध्ये साठी उलटलेली ही बाई ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी पळाली आणि पहिली आली. बक्षीस पाच हजार. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही झाला. तिथं ना टीम, ना टी-शर्ट.

"तिच्यापुढे आपलं म्हणजे..." वहिनी म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडलं.

वहिनींचा टी-शर्टांवरचा जीव मात्र सुटेना. गुलाबीच का, असा प्रश्न मी मुद्दाम टाकला, कारण त्याची गोष्ट मला ठाऊक होती. कुंपणावर सांगायला याहून चांगली गोष्ट नाही. शार्लट हेली नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९९० च्या सुमारास घरी बसून पीच रंगाच्या फिती केल्या आणि लोकांना फुकट वाटल्या. सोबत चिठ्ठी: सरकार कॅन्सरवर जो पैसा खर्चते त्यातला फक्त पाच टक्के तो होऊच नये यासाठी जातो, तो वाढवा. एका मासिकाला आणि सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या कंपनीला ती फीत हवी होती. बाई म्हणाल्या, नाही, तुम्ही याचा बाजार कराल. मग मासिकाच्या वकिलांनी सल्ला दिला, रंग बदला. पीचचा गुलाबी झाला आणि १९९२ पासून तोच जगभर.

"म्हणजे शेजारणीची चादर आवडली, तिनं दिली नाही, तर दुसऱ्या रंगात शिवून घेतली?"

"अगदी तसंच."

"बाई ग!" वहिनींनी हातातल्या गुलाबी टी-शर्टाच्या नमुन्याकडे असं पाहिलं की जणू तो चोरीचा माल आहे. पण खाली ठेवला नाही, हेही सांगते.

एवढ्यात माझी भांडी घासणारी बाई मागच्या दाराने आली. ती आली की गप्पांत तिसरी बाजू येते. ती कोपऱ्यात राखेची वाटी ओढून बसली. वहिनी तिला ऐकू जाईल अशा बेताने पत्रक वाचू लागल्या. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षभरात या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. वर्ध्याला, सावंगीला, सेवाग्रामला मोठी रुग्णालयं आहेत. नागपूर रोडवर जामठ्याला कॅन्सरचं मोठं इस्पितळ झालं आहे. आणि नागपुरातलं तुकडोजी महाराजांच्या नावाचं तर आपल्या आजीच्या काळापासून ऐकतो. महाराज स्वतः कॅन्सरनेच गेले, ऑक्टोबर १९६८ मध्ये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचारही बसतात. मग बाया उशिरा का येतात?

"गाठ असते, पन दुखत नाही न," बाई भांडी घासता घासता म्हणाली. "दुखत नाही त कायले जाऊ? दुखलं असतं त गेलीच असती."

हे वाक्य मी खेड्यात इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा फलक करून प्रत्येक एसटी स्टँडवर लावावा. न दुखणारी गाठच जास्त संशयाची, हे उलटं गणित कोणाच्या डोक्यात बसत नाही.

"अन् जायचं म्हटलं तरी," ती पुढे म्हणाली, "तिकीट त आता अर्धं झालं. पन वेचनीचा दिवस बुडते त्याचे पैसे कोन देईन?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, मी वहिनींकडे. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे गाडीचा प्रश्न सुटला. पण आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास बोंडं फुटतात. सीतादहीची पूजा झाली की वेचणी सुरू, आणि वेचणी किलोवर असते. जितका कापूस, तितके पैसे. त्या दोन-तीन महिन्यांत जी बाई दवाखान्यात बसेल तिचा दिवस कोरा जातो. आणि आपण जनजागृतीचा महिना कुठला निवडला? ऑक्टोबर! अमेरिकेत ठरवला असेल कोणीतरी. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, हिंगणघाटला कापूस कधी येतो.

माझी एक भाची परळला टाटा रुग्णालयात परिचारिका आहे. ती सांगते ते मी वहिनींना सांगितलं. टाटांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून वीस वर्षं एक मोठी पाहणी केली, दीड लाखावर बायकांची. निम्म्यांना फक्त माहिती दिली. बाकीच्या निम्म्यांना शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. मोठं यंत्र नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: तपासलेल्यांत रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही ती प्रामाणिकपणे सांगते. पण मुद्दा काय, शिकवलेले हात पुरतात. हाताला पगार लागतो आणि तपासून घेणाऱ्या बाईला एक दिवस लागतो. या दोन्ही गोष्टी नऊ हजार सहाशेत सुरू होतात.

"म्हणजे मुंबईला जायचं नाही?" वहिनींचा चेहरा उतरला. मलाच वाईट वाटलं. सात माणसं पहिल्यांदा कशासाठी तरी एकत्र येऊन हसत होती आणि मी मास्तरीण पट्टी घेऊन उभी.

"जा की, पण स्वतःच्या पैशानं जा. जमवलेल्यातून नको." आणि मग म्हटलं, "नाही तर मगनवाडी ते सेवाग्राम आश्रम, सात-आठ किलोमीटर, रविवारी सकाळी चाला. मगन संग्रहालयासमोरून निघायचं. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे पैसे कबूल करून घ्यायचे."

पैसे मागण्याची आपल्याकडे काही लाज नको. गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन फंडासाठी. हरिजन यात्राही इथूनच निघाली होती, नोव्हेंबर १९३३ मध्ये. कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत गेल्या, तेव्हा त्यांच्या नावाने निधी जमवायचं ठरलं. त्या वर्षी गांधीजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती म्हणून लक्ष्यही ७५ लाखांचं. जमले त्याहून जास्त, आणि २ ऑक्टोबरला सेवाग्रामात त्यांच्यापुढे ठेवले. खेड्यातल्या बायका-मुलांसाठी तो पैसा. तेव्हा सुप्रभात पाठवण्याचा दंड नव्हता, तरी जमला.

पण मला त्याहून जवळची वाटते ती ज्वारीची गोष्ट. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. उल्हास जाजू गावोगाव जायचे. त्यांनी आरोग्यविम्याची योजना काढली, तिचा हप्ता रोख नव्हता, ज्वारी होता. पीक खळ्यावर आलं की घरटी ज्वारी गोळा करायची. जमीनवाल्याने जास्त, मजुराने कमी. रोखीची चणचण असलेल्या घरातही सुगीला धान्य असतंच. त्या ज्वारीच्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार. विम्याच्या कंपन्यांना हे सुचलं नसतं, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये पायलीचा रकाना नसतो.

"मग मी काय, पावतीवर ज्वारी लिहू?"

"लिहा! पण ज्वारी राहिली कुठे, सगळीकडे सोयाबीन."

पावतीवरून आठवलं आणि वहिनींना दटावलंच. हे पुस्तक तुम्ही स्टेशनरीच्या दुकानातून आणलं, शिक्का बँकेचा नाही, संस्थेचाही नाही. गणपती मंडळवालेसुद्धा धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ (क) ची परवानगी काढून वर्गणी मागतात. त्यापेक्षा ज्या नोंदणी असलेल्या संस्थेला द्यायचं तिचीच पावती घ्या, म्हणजे देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलतही मिळू शकते. दोन हजारांवर रोख नको, नाही तर ती सवलत गेली. एवढं बँकेत बसून तुम्हाला मी सांगावं! माझ्या एका पुतणीने मागे एका शहरात अशाच शर्यतीत फी भरली. मेडल मिळालं, केळं मिळालं, टोपी मिळाली. फीचे पैसे कोणत्या बाईपर्यंत गेले हे अजून तिला कोणी सांगितलं नाही. मेडल मात्र चांगलं आहे, तिचा मुलगा त्याने कॅरम खेळतो.

वहिनींनी दंडाच्या डबीचा हिशेब बँकेच्या नोटीस बोर्डावर लावायचं कबूल केलं. आठवड्याला एक कागद, कोणाचे किती, गेले कुठे. कॅशियरचं नाव सगळ्यांत वर राहणार म्हणून त्यांना मनातून आनंदच झाला.

आमचे हे पेपराआडून इतका वेळ ऐकत होते. आता बोलले. "माझ्याकडून किलोमीटरमागे वीस रुपये. हिच्या नावावर." म्हणजे माझ्या! मला गुडघेदुखी आहे हे त्यांना पक्कं माहीत. फार तर मी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाईन आणि दहा रुपयांत काम भागेल, असा हिशेब. मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे सव्वापाचला चप्पल घालून निघायला लागले. आज पवनारचा पूल गाठला, परत येताना ऑटो केला. ऑटोचे किलोमीटर धरायचे नाहीत, असं ठरवून घेतलं आहे.

आणि भांडीवाली बाई? तिला मी दिवसभराच्या वेचणीचे पैसे द्यायचे ठरवले. वहिनींनी डबीतून अर्धे घाला म्हटलं, मी म्हटलं, पहिले माझे, पुढच्या बायकांचे डबीतून. शुक्रवारी आम्ही तपासणीला सेवाग्रामला जायचं पक्कं केलं. कापड बांधलेला डबा, पाण्याची बाटली, अर्ध्या तिकिटाची एसटी.

त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा कुंपणावर हाक. कढीपत्ता तर सकाळीच दिला होता.

"काकू... शुक्रवारी मीही येते तुमच्यासंगं. दोन वर्षं झाली, मनात होतं. रजा टाकते."

"या की. मग साहेबांना सांगा, तपासणीला जाते."

"बाप्पा!"

शनिवारी सकाळी विचारलं, रजेच्या अर्जात कारण काय लिहिलं होतं? पावतीपुस्तक घेऊन गावभर हिंडलेल्या वहिनींनी बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, ह्यांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"'घरगुती काम' लिहिलं."

"मग साहेब?"

"सही केली. अन् आज सकाळी पाच मिनिटं उशीर झाला, तर डबीकडे बोट दाखवलं."